गप्प राहिलेली ठकाई

आपल्या शेंदवडच्या ओढ्याकाठची रानं नुकती नांगराखाली आली होती, त्या काळातली ही गोष्ट. मधे कुणी बोलू नका. माझं डोकं आधीच तापलंय. येताना पाहिलं, खालच्या आळीच्या पोरांनी रानातली धसकटं पेटवून दिलीत.

तेव्हा ठकाई नावाची एक धनगरीण होती. नवरा मागेच गेलेला, जवळ मेंढरांचा मोठा कळप. सुगी संपली की ती शेंदवडला यायची आणि रोज एका नव्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं धसकटं खायची, त्यांच्या लेंड्या न् मूत मातीत मुरायचं, आणि रानाचा मालक बदल्यात धान्य द्यायचा. तिची मेंढरं एकदा उघड्या खडकावर बसली, तर तिथंही हरभरा उगवला, असं म्हणतात.

पण बाईचं तोंड भारी फटकळ. बांधावरून जाता जाता ओरडायची, "मुडद्या, दरसाल ज्वारीच पेरतोस? मधे तूर टाक की!" दुसऱ्याला म्हणायची, "रान उघडं टाकलंस उन्हात. तू बसशील का असा उघडा?" लोक हसायचे, पण सांगेल तसं करायचे, आणि कणग्या भरायच्या. भरल्या की सगळ्यांना वाटायचं, हे आपल्याच हुशारीनं झालं. माणसाची जात, दुसरं काय.

एका साली हैबतराव पाटलानं धसकटं जाळली. ठकाईनं त्याला भर चावडीवर झापलं. "माझ्या मेंढरांच्या तोंडचं जाळलंस, आणि तुझ्या मातीच्याही."

पाटील म्हणाला, "मेंढरं बसवायची तर बसव. पण पुन्हा तोंड उघडलंस, तर गावात पाय ठेवायचा नाही."

अख्खा गाव तिथं बसला होता. तिच्या जिवावर ज्यांच्या कणग्या भरल्या, ते सगळे. एकही जण बोलला नाही. नालायक, सगळे नालायक! अजून आठवलं की माझा संताप होतो.

ठकाई एवढंच म्हणाली, "बरं."

मग पाटलानं सगळा कळप आपल्याच रानात कोंडला. एका मुक्कामानं एवढं पिकतं, तर महिनाभरानं किती पिकेल, असा त्याचा हिशेब. बाकीच्यांनी पाटलाचं बघून आपापली रानं पेटवली. ठकाई बांधावर बसून सगळं बघत होती. सांगणारी तीच एक होती, आणि तिला यांनीच गप्प केलं होतं.

तिथं होता नव्हता तेवढा चारा संपला. एका उपाशी मेंढीचं दूध आटलं आणि तिचं कोकरू ठकाईच्या मांडीवर मेलं. ती उठली, काट्यांचं कुंपण बाजूला सारलं आणि मेंढरं घेऊन वेशीबाहेर पडली. मेंढरांच्या खुरांना चिकटून गावची काळी माती तिच्यामागं निघून गेली, असं म्हणतात.

पाटलाची ज्वारी खताच्या माऱ्यानं दोन पुरुष उंच वाढली, नुसती पानंच पानं, आणि कणसात दाणा धरायच्या आधी आडवी झाली. बाकीच्यांच्या रानात मुरूम उघडा पडला, तिथं तर कुसळही उगवलं नाही.

पोरं भुकेनं रडायला लागली, तेव्हा गाव तिला शोधत निघाला. तीन डोंगर ओलांडल्यावर ती दिसली. भोवती काळीभोर माती, त्यात मेंढरं बसलेली. पाटलानं पागोटं तिच्या पायाशी ठेवलं. ती गप्पच. शेवटी पाटलाची बायको पुढं आली आणि रडत म्हणाली, "ठकाई, शिव्या तरी घाल गं आम्हाला."

तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. दिवस मावळेपर्यंत ती बोलत होती, आणि गाव मान खाली घालून ऐकत होता. ती बोलत असतानाच मेंढरं आपणहून शेंदवडच्या वाटेला लागली. त्यांच्या खुरांची माती रानारानांत झडत गेली, असं म्हणतात.

म्हणून आजही मेंढरं आली की आपण ती वेशीत थांबवतो. धनगरांतली सगळ्यात म्हातारी बाई पुढं होते. कुणी रान जाळलं, कुणी उघडं टाकलं, कुणी एकाच पिकानं माती दमवली, एकेकाचं नाव घेऊन ती झापते. पाटलाच्या घरानं सगळ्यांत पुढं उभं राहायचं, आणि मेंढरं त्यांच्या रानात सगळ्यांत शेवटी बसायची. बोलून झालं की बायका म्हातारीची ओटी धान्यानं भरतात. त्याला आपण 'ठकाईचं तोंड' म्हणतो.

उद्या मेंढरं येतायत. हा धूर म्हातारीला लांबूनच दिसला असेल. उठा, आधी ती आग विझवा. उद्या ती शिव्या घालेल म्हणून भिऊ नका. वेशीत येऊन ती नुसतं 'बरं' म्हणाली, तर भ्या.