आठ पिसांची संख्या

एका राज्यात दुभंगनाथ नावाचा मांत्रिक होता. जे जे सारख्या वाट्यांत वाटलं जाई, त्याचा तो दगड करी. राजाचे पहारेकरी एकशे चव्वेचाळीस. बारा रांगा, रांगेत बारा जण. एका मंत्रासरशी सगळे दगड झाले. त्यांत शेवंता माळिणीचा नवरा रायाजी होता.

शेवंता मांत्रिकापुढे उभी राहिली. "माझा माणूस परत द्या."

"तीनदा मला न फुटणारी संख्या आण. एकेकाचा वेगळा वाटा किंवा सगळ्यांचा मिळून एकच वाटा मी धरणार नाही. पण सारखे वाटे पडले, तर तूही दगड."

शेवंता घाबरली नाही. तिचा जन्म हार ओवण्यात गेला होता. सारखे हार करून फूल उरलं की ते ती अंबाड्यात खोवी. कोणती संख्या हट्टी, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिने एकशे एक फुलं पुढे केली. मांत्रिकाने कसेही वाटे घातले, तरी काही ना काही उरलंच.

"आता शेवटचा अंक तोडला तरी न फुटणारी आण."

"तीनशे तेरा," शेवंता म्हणाली. मांत्रिकाने शेवटचा तीनचा अंक तोडला, एकतीस उरले. तेही फुटेनात.

मांत्रिक लालबुंद झाला. "आता आठ अंकांची आण. शेवटून एकेक अंक तोडत जाईन. एकदा जरी फुटली, तरी तू गेलीस!"

इथे मात्र बोटांची विद्या संपली. शेवंता रानोमाळ हिंडली. एका तळ्याकाठी तिला बोलका पक्षी भेटला. त्याच्या शेपटीत आठ पिसं, पिसापिसावर अंक: सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. म्हणजे सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस! शेवटून कितीही अंक तोडा, उरलेली अखंड. काय ती घडण! शेवंता पाहतच राहिली.

"हिला नववं पीस का नाही?"

"लावून पाहिलं, बाई. कोणताही अंक लावा, संख्या फुटते. ही एवढीच, आणि एवढीच पुरी."

"मांत्रिक तुमची पिसं उपटेल हो."

"उपटू दे. वर्षभर उडणं बंद, एवढंच."

शेवंतेचे डोळे भरून आले. तिने पक्ष्याला फुलांच्या टोपलीत बसवून आणलं.

मांत्रिकाने आधी अख्खी संख्या भागून पाहिली. मग एक पीस उपटलं, भागून पाहिलं. दुसरं उपटलं, भागून पाहिलं. पक्षी कण्हला नाही. त्र्याहत्तर उरले, ते फुटेनात. शेवटी सातचं एकच पीस राहिलं, तेही फुटेना. तेव्हा मंत्र उलटला आणि दुभंगनाथच बरोबर दोन वाट्यांत फुटून दगड झाला.

पहारेकरी हलले. रायाजी डोळे चोळत म्हणाला, "शेवंता, किती वेळ उभा होतो गं मी?"

"सांगते. आधी ही टोपली धरा. सांभाळून हं, आत पाहुणे आहेत."

राजाने पुन्हा पहारा बसवला, पण एकशे एकोणपन्नास जणांचा. सारख्या रांगाच नकोत! पक्षी वर्षभर टोपलीतून हिंडला. हारातून उरलेलं फूल शेवंता आता अंबाड्यात खोवत नसे, त्याच्या सातच्या पिसाशेजारी खोवी.

अशी ही आठा पिसांची कहाणी एका पिसावर पुरी झाली.