थोरल्या करंजीचं सारण

तेल काळं करतं कोणी आणि भोगतं दुसरंच कोणी. हे आजचं नाही.

फार पूर्वी एका घरात करंज्यांचा घाट घातला होता. तेल एका कढईपुरतंच होतं. पोळपाटावरची थोरली करंजी सारणाच्या वाटीला म्हणाली, "अजून घाल गं. मी काय त्या धाकट्यांसारखी चपटी दिसू?"

"अगं, कड जुळायची नाही," कातणं म्हणालं.

"तू आपलं कापायचं बघ."

कातण्याने कड कापली. थोरली मिरवत पहिली तेलात उतरली आणि फुटली. सारण सांडून जळलं, तेल काळं झालं.

ओल्या फडक्याखालच्या धाकट्यांनी घाबरून विचारलं, "आता आमचं काय?"

"तुम्हालाही यातच उतरायचंय," झारा म्हणाला. "दुसरं तेल आहे कुठं?"