विद्रुमांची पांढरी घरे

कृतयुगाचा तो पूर्वार्ध होता. पर्वतांचे पंख छाटले जाऊन फार काळ लोटला नव्हता, समुद्राने आपली मर्यादा एकदाही ओलांडली नव्हती आणि तपश्चर्या हाच मनुष्यांचा सर्वांत मोठा उद्योग होता. त्या काळी पश्चिम सागराच्या तीरावर, जेथे नारिकेलवृक्षांच्या रांगा पाण्यापर्यंत उतरत आणि स्फटिकासारख्या जळाखाली तांबड्या, केशरी, जांभळ्या विद्रुमांची, म्हणजे पोवळ्यांची, अरण्ये दिसत, तेथे मृदुव्रत नावाचे महर्षी आपली भार्या वेलावती हिच्यासह राहत असत.

मृदुव्रतांचे तप पंचाग्नीचे. चार दिशांना चार धगधगते अग्नी, माथ्यावर सूर्य आणि मध्ये दर्भासनावर हे निश्चल. अशा तपाने देहात साठणारा ताप सामान्य नव्हे. इतर ऋषींच्या आश्रमांत त्या तापाने वेली करपत, हरिणींचे गर्भ गळून पडत, आणि तपापुढे तेवढे चालायचेच असे सारे मानत. मृदुव्रतांना ते मानवेना. त्यांनी वरुणदेवाची प्रार्थना केली, तेव्हा तो जलाधिपती उदारपणे म्हणाला, "महर्षे, माझे उदर विशाल आहे. तुमचा ताप मला द्या."

तेव्हापासून प्रत्येक सायंसंध्येला महर्षी कमरेइतक्या पाण्यात उभे राहत आणि अर्घ्याच्या ओंजळीबरोबर दिवसभराचा सारा ताप सागरात सोडून देत. आश्रमातले गवत वैशाखातही हिरवे राही. पक्षी निर्भयपणे त्यांच्या जटांवर येऊन बसत. लोक त्यांना 'निस्ताप' म्हणू लागले, म्हणजे ज्याची झळ कोणालाच लागत नाही असा. खोटे कशाला सांगा, हे नाव महर्षींना फार आवडे. कोणी ते उच्चारले की भर ध्यानातही त्यांचे कान टवकारत. पुढे दूरदूरचे तपस्वी आपापला ताप घेऊन तेथे येऊ लागले. महर्षींनी त्यांच्यासाठी मोठा घाट बांधवला आणि आलेल्या प्रत्येकाला हात धरून पाण्यात उतरवले. अशी शंभर वर्षे गेली.

एकदा वेलावती स्नानाहून आली ती ओले केस तसेच ठेवून पतीपुढे उभी राहिली. ती नावाड्यांच्या कुळातली, समुद्र तिला अंगणासारखा ठाऊक.

"नाथ, पाण्यात पूर्वीचा गारवा राहिला नाही."

महर्षी हसले. "वेलावती, सागर अथांग आहे. एवढ्या मोठ्या सागराला माझ्या ओंजळीचे काय?"

"तुम्ही अंगात अंगार घेऊन उतरता. तुम्हाला सारेच गार लागणार."

महर्षींनी विषय बदलला. मोठ्या माणसांना ही विद्या शिकवावी लागत नाही.

त्याच वर्षी वैशाखातल्या एका सकाळी घाटाच्या पायरीशी पिवळसर तपकिरी फेसासारखे काहीतरी येऊन लागले. महर्षींनी निरखून पाहिले, तर त्या धूलिकणांहून लहान अशा असंख्य कन्या होत्या आणि त्या आक्रोश करीत होत्या. त्या सूर्याच्या मानसकन्या कपिशा. विद्रुमांच्या घरी अतिथी म्हणून राहणे हा त्यांचा अनादि क्रम. विद्रुम ही जात मोठी नव्हे, एकेक तिळाएवढा; पण पूर्वजांच्या पाषाणगृहावर आपले पाषाणगृह चढवीत त्यांनी सागरतळी नगरेच्या नगरे उभारली होती. त्या घरांची रीत जगावेगळी. अतिथीने सूर्यकिरण रांधायचे आणि यजमानाने जेवायचे! पण त्यातच दोघांचेही सुख होते, आणि कपिशांच्या अंगकांतीनेच ती नगरे शोभत.

"महर्षे," त्या म्हणाल्या, "आमच्या यजमानांनी आम्हांला घराबाहेर काढले. आता आम्ही कोठे जावे?"

अतिथीला घराबाहेर काढले! मृदुव्रतांनी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता, पण हे ऐकताच त्यांची भृकुटी वक्र झाली. ते ताडताड पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात गेले आणि खाली पाहतात तो काय, काल-परवापर्यंत उद्यानासारखे फुललेले ते अरण्य अस्थींसारखे पांढरे पडले होते. महर्षींनी त्यात पापाचा पुरावाच पाहिला. त्यांनी शापोदकासाठी ओंजळ भरली आणि मेघगंभीर वाणीने गर्जना केली.

"अरे विद्रुमहो! ज्यांच्या हातचे अन्न खाल्ले त्यांनाच तुम्ही उंबऱ्याबाहेर लोटलेत! ऐका तर. ज्याच्या दोषामुळे हे अतिथी बेघर झाले, त्याला तिन्ही लोकांत…"

"मुनिवर," तळातून एक क्षीण स्वर आला. तो अश्मक होता, त्या नगरीतला सर्वांत वृद्ध विद्रुम. "शाप अवश्य द्या. अतिथीला बाहेर काढणाऱ्याला शाप मिळालाच पाहिजे. मात्र त्याआधी हातातले पाणी कसे लागते तेवढे पाहा."

"म्हणजे काय?"

"आमच्या घरांत पाणी तापले. कपिशांच्या चुली आवरेनात, त्या रांधतील ते अन्न विष होऊ लागले. आमची पोरे जेवता जेवता मेली. तेव्हा आम्ही हात जोडून दार उघडले, महाराज. त्या गेल्यावर आता आमचेही पोट रिकामे आहे."

"खरे आहे ते," एक कपिशा हळूच म्हणाली. "निरोप देताना ते रडत होते."

महर्षी शंभर वर्षे सायंकाळी तापलेल्या देहाने पाण्यात उतरले होते. आज प्रथमच ते सकाळी, अग्नी पेटण्याआधी, थंड हातांनी उतरले होते. त्यांनी ओंजळीकडे पाहिले. पाणी गरम होते. आणि तो ताप परका नव्हता. स्वतःचे उत्तरीय अंधारातही चाचपून ओळखावे तसा त्यांनी तो ओळखला. ती त्यांच्याच पंचाग्नीची धग होती, तिच्यात त्यांच्या घाटावर आलेल्या प्रत्येक तपस्व्याची धग मिसळली होती.

महर्षी मेल्याहून मेल्यासारखे झाले. चेहऱ्यावर रक्त चढले, मान खाली गेली, आणि खाली पाहावे तर तेथे ती पांढरी घरे. मागे घाटावर वेलावती उभी होती.

उचललेले शापोदक परत समुद्रात टाकता येत नाही. महर्षींनी ती ओंजळ स्वतःच्या मस्तकावर ओतली आणि अर्धा राहिलेला शाप पुरा केला, "…त्याला तिन्ही लोकांत विसावा न मिळो."

तेव्हा लाटा दुभंगून वरुणदेव प्रकट झाला. त्याचीही मान खाली होती.

"देवा, तू मला एकदाही का सांगितले नाहीस?"

"'द्या' म्हणून बसलो होतो, महर्षे. 'आता पुरे' म्हणण्याची मला लाज वाटली. तुम्हांला 'निस्ताप' ऐकायला आवडत होते, मला 'उदार'. तुम्ही शाप स्वतःवर घेतलात, म्हणून वर मागा."

"माझी लाज सर्वांना वाटून दे. जो कोणी सागरात ताप सोडील, त्याचे मुख माझ्यासारखे जळो."

वरुणाने मान हलवली. "लाज वराने देता येत नाही. ती ज्याची त्याला वाटावी लागते. दुसरे काही मागा."

महर्षींनी पाण्याखालच्या पांढऱ्या घरांकडे बोट दाखवले. "तर यांना थोडा अवधी दे. घर पांढरे पडले तरी यजमानाने लगेच मरू नये."

"दोन पौर्णिमा," वरुण म्हणाला. "तेवढ्यात पाणी निवले तर कपिशा परततील. न निवले तर माझाही इलाज नाही."

महर्षींनी अग्नी विझवले आणि ते समुद्रात उभे राहिले. ओंजळीओंजळीने ते आपला ताप परत अंगात घेऊ लागले. त्यांची त्वचा करपली, जटा जळाल्या, पक्षी उडून गेले ते परतले नाहीत. पहिल्या पौर्णिमेला काही घरांवर फिकट पिवळी झाक आली. दुसरीलाही काही घरे उजळली. बहुतेक तशीच राहिली. अश्मकाच्या घराशी कपिशा गेल्या तेव्हा दार उघडे होते आणि आत कोणी नव्हते.

तेव्हापासून विद्रुमांना ते दोन पौर्णिमांचे आयुष्य मिळाले. पांढरे पडलेले पोवळे तत्काळ मरत नाही, उपाशीपोटी दार उघडे ठेवून ते वाट पाहते. आणि मृदुव्रतांना विसावा मिळालेला नाही. अजूनही सायंकाळी दूरदूरचे तपस्वी त्यांच्या घाटावर आपला ताप घेऊन येतात. महर्षी पायरीशी आडवे होतात, करपलेले हात जोडतात आणि म्हणतात, "सकाळी या. थंड हाताने आधी पाणी पाहा." एखादा खजील होऊन मागे फिरतो. बाकीचे त्यांना नमस्कार करतात, हळूच त्यांना ओलांडून पाण्यात उतरतात आणि प्रेमाने समजावतात, "निस्ताप महर्षे, सागर अथांग आहे. एवढ्या मोठ्या सागराला माझ्या ओंजळीचे काय?"