निंगाप्पाचा ताणा आणि गौराक्काचं अंगण

एका माळावरच्या गावात निंगाप्पा नावाचा एक सनगर राहत होता. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारा. मेंढरांची लोकर घ्यायची, तिचं सूत कातायचं, ते सूत अंगणात लांबच लांब ताणायचं, त्यावर चिंचोक्याची खळ फासायची, उन्हात कडक वाळवायचं आणि मग मागावर चढवायचं, हे त्याचं काम. त्या ताणलेल्या सुताला ताणा म्हणतात. ताणा सरळ तर घोंगडी सरळ. ताणा वाकडा गेला तर घोंगडी पांघरणारा मेंढपाळ जन्मभर शिव्या घालतो.

पूर्वी सनगरांच्या आळीत जागेची ददात नव्हती. अंगणाला अंगण लागून होतं आणि कुठलंच अंगण कुणा एकाचं नव्हतं. ज्याचा ताणा लांब, त्याने हव्या त्या दारात मेख ठोकावी. कुणी विचारत नसे आणि विचारावं असं कुणाला वाटतही नसे. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, मध्ये भिंती उठल्या, आणि निंगाप्पाच्या वाट्याला दहा हातांचा बोळ आला. ताणा वीस हातांचा. मग तो बिचारा ताणा घेऊन माळावर जाऊ लागला. माळावर वावटळ, माळावर मोकाट गुरं. एका उन्हाळ्यात चार ताणे तुटले. मेंढपाळ म्हणाले, "निंगाप्पा, मिरगाच्या आत घोंगडी मिळणार नसली, तर आमाला दुसरा सनगर बघावा लागंल." त्याची बायको शेवंता सूत कातायची. तिने चरखा उचलून माळ्यावर ठेवला. तो रिकामा कोपरा बघून निंगाप्पाला जेवण जाईना.

अशात ओढ्यापलीकडच्या गावात एक घर विकायला निघालं. बसाप्पा नावाचा म्हातारा मुलाकडे शहरात जाणार होता. निंगाप्पा घर बघायला गेला. त्याने भिंती पाहिल्या नाहीत, छप्पर पाहिलं नाही, तो थेट अंगण मोजत सुटला. अठरा हात, आणि नाकासमोर सरळ! दोन हात कमी पडत होते. पण पुढे लगेच शेजारचं अंगण लागत होतं. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. निंगाप्पाच्या मनात ताणा पसरूनसुद्धा झाला.

"शेजारी कोण राहतंय?" त्याने विचारलं.

"गौराक्का. एकटीच असते. मातीच्या चुली करून विकते. गाय आहे गाय!" बसाप्पा म्हणाला.

रस्त्याने चाललेला एक जण हे ऐकून ठसका लागेपर्यंत हसला. बसाप्पाने घाईघाईने विषय बदलला. "येत्या बाजारापर्यंत काय ते सांग. एक कडब्याचा व्यापारीही घर मागतोय."

ते हसू निंगाप्पाच्या डोक्यात बसलं. दोन हात जागा त्या बाईच्या अंगणातली हवी होती. ती आडवी आली, तर अठरा हात अंगण काय, अठरा खणांचं घरही त्याच्या कामाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओढा ओलांडून गेला आणि चौकशीला लागला.

आधी भेटला शिवलिंग गवळी. "तिच्या शेजारी? अरे, त्यापेक्षा बाभळीवर राहा. माझ्या म्हशींवर पेटलं लाकूड घेऊन धावली होती ती!"

मग भेटला नेमू दुकानदार. तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली तिनं. कान किटले माझे."

शेवटी देवळात रामलिंग गुरव भेटला. शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, "मला तिनं चोर म्हटलं होतं. बारा वर्सं झाली. अजून झोंबतं."

तिघांचं बोलणं ऐकून निंगाप्पा घराच्या वाटेला लागला. पण अठरा हातांचा मोह सुटेना. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे! बसाप्पाला विचारून त्याने एक दिवस त्या अंगणात ताणा लावून बघायचं ठरवलं.

तो सकाळीच सूत आणि खळीचं मडकं घेऊन पोचला. एक मेख बसाप्पाच्या दाराशी ठोकली आणि सूत ओढत ओढत मागे गेला. जिथे ताणा संपला, तिथे दुसरी मेख धरली आणि दगडाने दणादण ठोकली. सूत असं सुरेख ताणलं गेलं की त्याला आळीतले जुने दिवस आठवले. तो खळ फासू लागला, एवढ्यात गौराक्का बाहेर आली. उंच, वाळकी, कोपरापर्यंत चिखलाने भरलेली. तिने मेखेकडे पाहिलं आणि जो तोंडाचा पट्टा सोडला! "कुठला रं तू? डोळं हायती का भोकं? तुज्या बापाचं अंगण हाय व्हय?" असं करत तिने मेख उपटली आणि ओढ्याच्या दिशेने भिरकावली. ताणा भुईवर लोळला. ओल्या खळीला माती चिकटली. सगळं काम मातीमोल झालं.

निंगाप्पा तसाच घरी परतला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने शेवंताला सगळं ऐकवलं. बाई नव्हे, वावटळ आहे. गाव म्हणतं ते खोटं नाही. सुताची पार दशा केली. घर गेलं खड्ड्यात. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. ऐन रंगात तो गौराक्काची नक्कलही करू लागला.

शेवंताने ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "आन् तुमी मेख कुठं ठोकली हुती?"

"कुठं म्हणजे? जिथं ताणा संपला तिथं."

"म्हणजे कुणाच्या अंगणात?"

"तिच्या. पण दोनच हात आत."

"इचारून?"

विचारायचं असतं हे निंगाप्पाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सनगरांच्या आळीत कधी कुणी विचारलं होतं? आणि आणखी एक गोष्ट होती. मेख ठोकताना शेजारी चार ओल्या चुली वाळत होत्या. तिसऱ्या दणक्याला त्यातली एक तडकली होती. त्याने ती पाहिली होती. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आणि आता इतकं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, त्यात ती चूल कुठेच नव्हती.

त्याला स्वतःची लाज वाटली. आपण बायकोपुढे अर्धीच गोष्ट सांगितली. मग त्या तिघांनी तरी आपल्याला पुरी सांगितली असेल कशावरून?

दुसरा दिवस बाजाराचा. बसाप्पाला उत्तर द्यायचा. निंगाप्पा तांबडं फुटताच निघाला आणि आधी गवळ्याला गाठलं. "शिवलिंगदादा, त्या दिवशी म्हशी कुठं गेल्या हुत्या?"

"कुठं जातील? तिच्या दारातनं पाण्यावर. आता जनावर हाय, दोन-चार चुली पायाखाली आल्या असतील."

"एकदाच?"

"दोनदा," गवळी म्हणाला. मग म्हणाला, "तीनदा."

निंगाप्पा दुकानात गेला. नेमूने आधी चिडून विचारलं, "तुला काय करायचंय?" मग तराजू पुसत पुसत तो म्हणाला की त्या दिवशी गुळाच्या वजनात थोडी गफलत झाली होती. किती थोडी, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

आता निंगाप्पाला वाटलं, कोडं सुटलं. बाई साधी, लोकच लबाड! उड्या मारतच तो देवळात गेला. "गुरवमामा, तुमी तिचं काय केलं हुतं?"

रामलिंग गुरवाने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "काय न्हाय, बाबा. तिचं फावडं हरवलं. मी दारावरनं चाललो हुतो. तिनं माझं नाव घेतलं. आठ दिवसांनी फावडं तिच्याच राखेच्या ढिगात घावलं. पर 'चुकलं माझं' असं ती आजवर एका सबदानं बोलली न्हाय."

निंगाप्पा देवळाच्या पायरीवर बसला. म्हणजे बाई गाय नव्हती हे नक्की. आणि गाव सांगतं तशी वाघीणही नव्हती. असं सगळं सरळ काळं किंवा सरळ पांढरं असतं, तर ठरवणं किती सोपं गेलं असतं. पण ऊन वर चढत होतं आणि बसाप्पा बाजारात वाट बघत असणार. तो उठला आणि जिथे आधीच जायला हवं होतं तिथे गेला.

गौराक्का एका ओल्या चुलीवरून मातीचा हात फिरवत होती. त्याला बघून तिने मान वर केली. "आलास? गावात माझी चौकशी करत फिरतुयास म्हणं."

"व्हय, अक्का."

"काय काय कळलं?"

निंगाप्पा खरं तेच बोलला. "म्हशींचं कळलं, गुळाचं कळलं. फावड्याचंबी कळलं."

फावडं म्हटल्यावर गौराक्काचा चेहरा उतरला. तिने हातातला मातीचा गोळा खाली ठेवला. मग म्हणाली, "ते खरं हाय. चूक माझीच. रोज देवळावरनं जाते, पर तोंड उघडत न्हाय." एवढं बोलून तिने त्याच्यावर नजर रोखली. "माझी तू साऱ्या गावात चौकशी केलीस. तुझी मी कुठं करू? मलाबी शेजार घ्यायचाच हाय की."

असं निंगाप्पाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. घर बघताना त्याने अंगण मोजलं, शेजारीण मोजली. आपल्यालाही कुणी मोजणार आहे हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. दोन गोड शब्द, आणि संध्याकाळी घर आपलं. पण कालच्या ताटावरची लाज अजून ताजी होती.

तो खाली बसला. "मीच सांगतो, अक्का. खळ शिजली की आंबूस वास सुटतो, दोन दिवस जात न्हाय. माग पहाटेपासून वाजतो. लोकर पिंजली की तंतू उडत्यात, तुमच्या ओल्या चुलींना चिकटतील. आन् मला इचारायची सवय न्हाय. काल तुमची चूल माझ्या दणक्यानं तडकली. मी ती बघितली, आन् तोंड फिरवलं."

गौराक्काने हाताची माती झटकली. "तडकलेली मला दिसलीच की. तू बघितलीस का न्हाय, एवढंच कळत नव्हतं."

मग ती म्हणाली, "बाजाराच्या आधी दोन दिस माझ्या चुली वाळत्यात. तवा अंगण माझं. बाकी दिस मेख ठोक. पर इचारून."

"एकदा इचारलं की झालं न्हवं?"

"दर वेळी. दहा वर्सं झाली तरी दर वेळी. आन् मी न्हाय म्हटलं तर न्हाय."

निंगाप्पाने मनाशी विचार केला. आयुष्यभर विचारत राहायचं. हातात मेख घेऊन उंबऱ्याशी उभं राहायचं, आणि कधीतरी नकार ऐकून परत फिरायचं. आळीत वाढलेल्या माणसाला हे जड होतं. पण ही बाई जे काय म्हणेल ते तोंडावर म्हणेल, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. "इचारीन," तो म्हणाला, आणि तडक बाजारात जाऊन त्याने बसाप्पाला होकार दिला.

मिरगाच्या आत निंगाप्पाच्या घोंगड्या मेंढपाळांच्या खांद्यावर गेल्या. शेवंताचा चरखा नव्या घरात फिरू लागला. दोन्ही घरांत भांडणं झाली नाहीत असं नाही. खळीच्या वासावरून झाली, उडत्या लोकरीवरून झाली, आणि दोनदा तर निंगाप्पा विचारायला विसरला तेव्हा साऱ्या गावाने ऐकली. पण भांडण ज्या दिवसाचं त्या दिवशी संपायचं, आणि ताणा पुन्हा कधी मातीत पडला नाही.

नवी बिऱ्हाडं आली की गावातल्या लोकांना भारी उत्सुकता. ते मुद्दाम निंगाप्पाला गाठायचे आणि डोळे मिचकावून विचारायचे, "काय मग, काल केवढा आवाज आला! काय म्हणत होती तुझी शेजारीण?"

निंगाप्पा म्हणायचा, "बसा. आधी मी काय केलं ते सांगतो."

तो सांगू लागायचा. आणि ते पुरं व्हायच्या आतच एकेकाला आपापलं काम आठवायचं, आणि ऐकणारे उठून जायचे.

तात्पर्य: कुणाबद्दल वाईट ऐकलं, तर सांगणाऱ्याने आधी काय केलं होतं तेही विचारावं, आणि शेजार पारखायला निघालेल्याने आपण कसे शेजारी आहोत, हे आधी स्वतःच्या तोंडाने सांगावं.