एक दिवस सांभाळणारी परी

सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्यांची एक हिरवीगार बाग होती. बागेच्या कुंपणाला टेकून एक इवलंसं कुडाचं घर होतं. त्या घरात तिघी राहायच्या: माय, मावशी आणि आठ वर्षांची सुगंधा. बाप तिला आठवतही नव्हता. मायचं नाव द्वारका आणि मावशीचं पंचफुला. दोघी बहिणी बागेत मजुरी करायच्या आणि संध्याकाळी लुगड्याला संत्र्याचा गोड वास घेऊन घरी यायच्या.

पण त्या दिवाळीपासून मायचं काहीतरी बिनसलं होतं. टोपली डोक्यावर घेताना तिचा डावा हात मध्येच अडकायचा. मग ती इकडेतिकडे बघायची आणि पदर छातीशी घट्ट ओढून घ्यायची.

एकदा माय न्हात असताना सुगंधा तिची पाठ चोळायला गेली आणि तिला दिसलं. मायच्या डाव्या स्तनावर लिंबाएवढा उंचवटा आला होता. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, जाड आणि बारीक बारीक खड्ड्यांची.

"माय, हे काय व?"

"काई नाई. गाठ हाय. दुखत नाई, मंग काय त्याचं?" मायने घाईघाईने अंग झाकलं. "कोणाले सांगू नोको, सुगे. अशा जागेचं बोलत नसतात. मावशीलेबी नोको."

सुगंधाने कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून तिला भाकरी गिळेना.

माघ आला आणि बाग फुलली. पांढरी, पिटुकली, चांदण्यांसारखी फुलं! फांदीफांदीवर मधमाश्यांची गुणगुण आणि सगळीकडे अत्तराचा घमघमाट. सुगंधा पाटाच्या कडेने एकटीच चालली होती. तेवढ्यात तिला पाण्यात काहीतरी फडफडताना दिसलं. तिला वाटलं, फुलपाखरूच बुडतंय. तिने पटकन पान बुडवून ते अलगद वर घेतलं आणि ओल्या पंखांवर हळूहळू फुंकर घातली.

ते फुलपाखरू नव्हतं. ती करंगळीएवढी परी होती. पाकळ्यांचा शुभ्र झगा, परागांसारखे पिवळेधमक केस आणि दवाच्या थेंबांसारखे लुकलुकणारे डोळे.

"चिमुकल्या मुली, तू मला वाचवलंस," परी नाजूक आवाजात म्हणाली. "मी बहाराची परी. ही घे दोन फुलं, ही कधी कोमेजायची नाहीत. एकेका फुलावर एकेक मागणं माग."

"माझ्या मायची गाठ जाऊ दे!" सुगंधा एका श्वासात बोलून गेली.

परीचे डोळे भरून आले. "ऐक, बाळ. माझे नियम आहेत. कुणाच्या अंगातला आजार मला काढता येत नाही. मी फक्त सांभाळू शकते, तेही एकच दिवस. कुणाला जड झालेलं काहीही मी माझ्या ओंजळीत घेते आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत देते. आणि फुलं दोनच. तिसरं मागायचं नाही."

"मंग तू आलीसच कायले?" सुगंधा रागाने ओरडली आणि तिला रडू फुटलं.

परी सुगंधाच्या अंगठ्यावर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने सुगंधाने नाक पुसलं. मायला काय जड झालंय, याचा ती विचार करू लागली. गाठ तर होतीच, पण गाठीच्या वर माय आणखी काहीतरी दाबून बसली होती.

"एक दिवस तिची लाज सांभाळशील?"

फूल लखकन चमकलं आणि विरून गेलं. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता माय थांबली. पिठाच्या हातानेच तिने धाकट्या बहिणीचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. पंचफुलामावशीचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तिघी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"द्वारकाबाई, हा कॅन्सर आहे. गाठ लहान होती तेव्हाच यायला हवं होतं हो."

"दुखत नव्हती, बाई," माय म्हणाली. "दुखली असती तं आली असती."

मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सलाईनमधून औषध चढलं की माय तीन-तीन दिवस उठायची नाही. तिचे लांबसडक केस उशीवर राहू लागले. सुगंधा ते गोळा करून बाहेर टाकायची, मायला दिसू द्यायची नाही. पुढे ऑपरेशन झालं आणि मायचा डावा स्तन काढला. घरी आल्यावर तिने चोळीत त्या बाजूला जुन्या कापडाची घडी भरली आणि आरसा उलटा करून ठेवला. तिचा हात सुजला, टोपली कायमची सुटली.

बागेतल्या बाया तिचा चहाचा कप वेगळा ठेवू लागल्या. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण ते ऐकायला कोण बसलं होतं? नागपंचमीला कुणी तिला झोक्यावर बोलावलं नाही. माय दाराशी बसून लांबून गाणी ऐकत राहिली.

पोळ्याच्या सुमारास आजार मायच्या हाडांत उतरला. ती कण्हायची आणि सुगंधाला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरायची. सुगंधाने दुसरं फूल डबीत जपून ठेवलं होतं. मायचं दुखणं एक दिवस परीला सांभाळायला द्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

ती डबी उघडणार, तोच तिला मावशी दिसली. पंचफुलामावशी मायचे पाय चेपत होती. चेपता चेपता तिचा एक हात आपल्याच छातीकडे गेला, थांबला आणि तिने पदर घट्ट ओढून घेतला.

सुगंधाने मावशीला अंगणात ओढत नेलं.

"मावशे, तुलेबी गाठ हाय?"

"चूप!" मावशीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "हरभऱ्याएवढी तं हाय. मी नाई जात त्या दवाखान्यात. तुह्या मायचं काय झालं, पाहिलं नाई का?"

"पण तुही गाठ लहान हाय, मावशे..."

"मले भेव वाटते, सुगे," मावशी म्हणाली आणि खाली बसून लहान मुलीसारखी रडू लागली.

आत माय कण्हत होती. बाहेर मावशी रडत होती. फूल एकच होतं. सुगंधा उंबऱ्यात किती वेळ उभी राहिली, ते तिलाही कळलं नाही. मग ती मायजवळ गेली आणि तिच्या कपाळाला गाल लावला.

"माय, मले माफ कर," ती पुटपुटली. तिने फूल ओंजळीत धरलं. "परी, एक दिवस माझ्या मावशीची भीती सांभाळ."

दुसऱ्या दिवशी मावशी उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "चाल सुगे, पिशवी घे." डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली. "पंचफुलाबाई, वेळेत आलात." संध्याकाळी मावशीची भीती परत आली, सगळीच्या सगळी. पण तोवर नाव लिहून झालं होतं, तारीख मिळाली होती. मावशी घाबरत घाबरत प्रत्येक तारखेला गेली. तिचंही ऑपरेशन झालं, तिचेही केस गेले. पण पुन्हा माघ आला, तेव्हा तिच्या डोक्यावर मऊ काळी लव उगवली होती. तिने बागेतल्या एकेकीला झाडाखाली बोलावलं. "हात लावून पाहा," ती सांगायची. "लाजू नोका. माही बहीण लाजली होती."

माय आता नुसती सावली उरली होती.

एका सकाळी बाग पुन्हा पांढरी झाली आणि परी दाराशी आली. सुगंधाने तिला ओळखलंच नाही, इतकी ती फिकट झाली होती.

"माह्याजवळ आता फूल नाई," सुगंधा म्हणाली. "मी काई मागत नाई."

"माहीत आहे मला," परी हसली. "म्हणूनच आले. आज मी न मागताच देणार आहे." तिने आपले इवलाले हात मायच्या छातीवर ठेवले आणि तिचं दुखणं ओंजळीत घेतलं.

मायने डोळे उघडले. तिने कितीतरी दिवसांनी खोल श्वास घेतला. ती आपल्या पायांनी अंगणात आली. तिने सुगंधाची घट्ट वेणी घातली, मावशीच्या डोक्यावरच्या मऊ लवेवरून हात फिरवला आणि हसली. तिघी झाडाखाली बसून गरम भाकरी आणि ठेचा जेवल्या. मायने दुसरी भाकरी मागून घेतली.

"पंचफुले, हिले शाळेत घालजो," ती म्हणाली.

"घालतो ना, अक्का. मी हाय न."

सूर्य टेकला, तेव्हा मायचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. परीने या खेपेला घेतलेलं दुखणं परत दिलं नाही. ते छातीशी धरूनच ती उंच उडाली, सोनेरी झाली, मग पांढरीशुभ्र, आणि प्रकाशाचा एक मोठा झोत होऊन मिटली. साऱ्या बागेवर पाकळ्या भुरुभुरु पडत राहिल्या. शेवटची पाकळी खाली टेकली, तेव्हा मायचा श्वास थांबला.

सुगंधा खूप रडली. मावशीने तिला पोटाशी घट्ट धरलं, तिच्याबरोबर रडली आणि अंधार पडायच्या आत बागेतल्या बायांनी मायला उचलून आत नेलं, तेव्हा त्यांच्यामागे दोघी हात धरून घरात गेल्या.