रांगेत लावलेल्या चपला

"पण बाबा, चांगलं करून दिलेलं माणसांना कळत का नाही?"

लतीफबाबांनी मान वर केली नाही. दर्ग्याच्या पायरीपाशी बाजेवर बसून ते कुणाच्या तरी चपलेचा निघालेला अंगठा पुन्हा बसवत होते. गुरुवार होता. समोरच्या मोकळ्या जागेत, चिंचेच्या मुळांशी, पायरीवर, वाटेवर, जिथे जागा मिळेल तिथे चपला निघालेल्या होत्या. आत लोबान फिरत होता.

उन्मेष बूट काढून बाजेच्या कडेला टेकला. मांडीवर जाडजूड फाइल ठेवली.

"काय करून दिलंस?" बाबांनी विचारलं.

"फिरत्या दवाखान्याची वेबसाइट. जुनी बघवत नव्हती हो. वर लाल पट्टी, खाली चार रंगांची अक्षरं. आठ महिने खपून सगळी नव्याने केली. आणि तीन आठवड्यांत तीनशे बारा तक्रारी!"

"वाचल्यास?"

"एकूण एक. त्यांचे सहा गठ्ठे केले. गठ्ठ्यागणिक एक उत्तर लिहून ठेवलंय." त्याने वरचा कागद काढला आणि वाचला, "आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. नवी रचना अधिक सुटसुटीत असून थोड्याच दिवसांत आपल्याला तिची सवय होईल."

"हं..."

बाबांनी फाइलीत खोचलेल्या एका पातळ पाकिटावर बोट ठेवलं.

"आणि हे?"

"ते सोडा. एकेचाळीस जणांनी नुसतं लिहिलंय, 'गाडी कधी?' आता वेळापत्रक साइटवर आहे. शोधायचा कंटाळा. त्यांना उत्तर नाही."

बाबा अंगठा बसला का, ते ओढून पाहत राहिले.

दवाखान्याची ही गाडी चाळीस गावं फिरायची आणि आठवड्यातून एकदा या चिंचेखाली उभी राहायची. वार मात्र रस्त्याप्रमाणे बदलायचा. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर नलिनी सबनीस उन्मेषला म्हणाल्या होत्या, "उत्तरं पाठवायच्या आधी लतीफबाबांना दाखवून ये. नवी साइट ठेवायची की जुनी परत लावायची, ते शनिवारी ठरवू."

चपला राखणाऱ्या फकिराला वेबसाइटमधलं काय कळणार, असं उन्मेषला वाटलं होतं. पण आठ महिन्यांचं काम पुसलं जाणार, या भीतीने तो साडेतीन तास एसटीत बसून आला होता.

बाबा उठले. त्यांनी कळशी उचलली.

"मी विहिरीवरून पाणी आणतो. चपला बघ जरा."

"बघायच्या म्हणजे काय करायचं?"

बाबा पायऱ्या उतरून गेलेही होते.

उन्मेषने पाच मिनिटं त्या पसाऱ्याकडे पाहिलं. एक जोड उताणा. एकाची डावी पायरीवर, उजवी दोन हात लांब. वाटेवर तर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला राहवेना.

त्याने बाह्या वर केल्या.

त्र्याऐंशी जोड निघाले. बायकांचे एकीकडे, पुरुषांचे एकीकडे, मुलांचे पुढे. आधी मापाने, मग रंगाने. दोरी धरल्यासारख्या चार सरळ रांगा. दर्ग्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट स्वच्छ मोकळी. त्याने मागे सरून पाहिलं आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं. मोबाइलवर एक फोटोही काढला.

तेवढ्यात लोक बाहेर आले.

"अगं बया! माझ्या कुठं गेल्या?"

"पायरीवर काढल्या होत्या की मी."

"चपलांचं दुकान टाकलं का काय बाबांनी?" एक ट्रकवाला म्हणाला आणि सगळे हसले.

"सगळ्या इथेच आहेत," उन्मेष ओरडून सांगू लागला. "मापाप्रमाणे लावल्यात. आधी आपलं माप बघा..."

"साहेब, तुम्ही नवीन लागलात वाटतं?"

कडेवर पोर घेतलेली एक बाई चिडून म्हणाली, "मी पायरीवर काढते, ते पाय नुसता सरकवता येतो म्हणून. आता पोर धरू का वाकू?"

कुबडी घेतलेला एक माणूस बाजूने सरळ चालत गेला. "आज वाट मोकळी केली बुवा कुणीतरी," असं तो जाता जाता म्हणाला. उन्मेषला ते ऐकू आलं नाही. त्याला फक्त बाकीचे ऐकू येत होते.

"दोन मिनिटांत सवय होईल!" तो म्हणाला.

आणि आपणच बोललेलं ऐकून गप्प झाला...

गर्दी पांगली. रांगेत एकच जोड उरला. जुना, टाचा झिजलेला, एका बंदाला पिन लावलेला. त्याच्यापुढे एक म्हातारी नुसतीच उभी होती.

"आजी, याच का तुमच्या?"

"याच की."

"मग घाला ना."

"कशाला धरून घालू, लेकरा? माझ्या चिंचेपाशी असत्यात."

उन्मेषने चिंचेकडे पाहिलं. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर बुंध्याचा एक गोल भाग हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. मघाशी चपला उचलताना तो त्याच्या समोरच होता.

त्याने जोड उचलला, मुळाशी नेऊन ठेवला. म्हातारीने बुंध्याला हात लावला आणि एकेक पाय अलगद आत सरकवला.

बाबा केव्हाचे कळशी घेऊन परतले होते.

"हौसाबाई, झालं का दर्शन?"

"झालं बाबा. पर गाडी कधी?"

उन्मेष दचकला.

"मागल्या गुरुवारी आले तर म्हणे बुधवारीच येऊन गेली," हौसाबाई म्हणाली. "आठ दिस झाले, बीपीची गोळी नाही पोटात. चक्कर येती."

"थांबा, सांगतो." उन्मेषने मोबाइल काढला. साइट उघडली. आधी सेवा, मग फिरता दवाखाना, मग तालुका, मग गाव. मधेच रेंज गेली. म्हातारी बुंध्याला धरून उभी होती. त्याला घाम फुटला.

"आज दोन वाजता," तो शेवटी म्हणाला.

"मग बसते हितंच. आधी बरं होतं बघ. शेजारच्या सुनेच्या फोनवर लाल पट्टी यायची. मला अक्षर येत नाही, आकडे येत्यात. तारीख नि वेळ, माझी मीच वाचायची. आता कोण बाई येती फोनवर... नुसती हसती."

ती हसणारी नर्स उन्मेषने अठ्ठावीस फोटोंमधून निवडली होती.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, म्हणजे जुनीच परत लावू?"

बाबांनी मोकळ्या वाटेकडे हात केला.

"एवढं छान केलंस. दौलत कुबडी घेऊन आज पहिल्यांदा न अडखळता गेला. हे राहू दे."

"आणि बाकीचं?"

"तुझे बूट कुठायत?"

"बाजेखाली."

"रांगेत नाही लावलेस?"

"नाही, ते मला निघताना पटकन..."

वाक्य तसंच राहिलं. त्याचे कान लाल झाले. बाबा पेल्यात पाणी ओतत होते.

उन्मेषने लॅपटॉप काढला आणि हौसाबाईशेजारी चिंचेच्या मुळावर बसला. तिने भाकरीचं फडकं सोडलं, चतकोर त्याच्यापुढे धरली. "खा. रिकाम्या पोटी काम करू नये." त्याने घेतली.

पाऊण तास तो खाली मान घालून बसला होता. जुनी साइट त्याने परत आणली नाही. हसणारी नर्स खाली सरकवली. वर लाल पट्टी घातली, आकडे पूर्वीपेक्षा मोठे केले, आणि एकदा निवडलेलं गाव पुन्हा विचारायचं नाही, असं केलं. मग मोबाइल म्हातारीपुढे धरला.

"आजी, वाचा बरं. वरचा आकडा आजचा. खालचा पुढच्या खेपेचा."

हौसाबाईने काचेवर बोट ठेवलं.

"बावीस... दोन." बोट खाली सरकलं. "अठ्ठावीस... अकरा." तिने बोटांवर मोजलं. "आज गुरुवार बावीस. म्हंजी अठ्ठावीस बुधवार! बाबा, मी परत गुरुवारीच आले असते की हो!"

आणि ती हसली. तिचे समोरचे दोन दात नव्हते.

उन्मेषने पातळ पाकीट उघडलं. एकेचाळीस कागदांवर गावांची नावं होती. त्याने पहिल्यावर वार आणि वेळ लिहिली. मग दुसऱ्यावर.

दोनला पाच कमी असताना रस्त्याच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. हौसाबाईने बुंध्याला हात लावला आणि उठली.

त्याच वेळी एक टेम्पोही येऊन थांबला. पंचवीस-तीस माणसं उतरली आणि जागा दिसेल तिथे चपला काढू लागली. दोघांनी तर थेट वाटेवरच.

उन्मेष बाजेपाशी आला. सहा उत्तरांचे कागद त्याने फाइलीतून काढून घडी करून खिशात घातले होते.

"बाबा, एकेचाळीस झाले. उरलेल्या दोनशे एकाहत्तर जणांना काय लिहू?"

लतीफबाबांनी कळशी हलवून पाहिली. रिकामी होती. ती त्यांनी खांद्यावर घेतली.

"चपला बघ जरा. मी येतोच."