एका हाताची सुरी

सकाळचे पावणेसहा वाजले होते, तेव्हा आमच्या यांनी विचारलं, "बोला बाबा, यातली हलकी कोणती?"

धाकूबाबा आमच्या ओट्यावर बसले होते. यांना डोंगरातल्या वाटा त्यांनीच शिकवल्या. चेला पाहुण्यांना घेऊन घाटात निघाला, की म्हातारा निरोप द्यायला येतो.

यांनी दोन वस्तू पुढे मांडल्या. एक शहरातून आणलेला घडीचा चाकू, साठ ग्रॅमचा. दुसरी बाबांनीच आमच्या लग्नात दिलेली सुरी, लाकडी म्यानातली. ती मी रेऊच्या उशाखालून काढून आणली होती. पाच महिन्यांची पोर, उशाला लोखंड नसलं की दचकून उठते.

मागच्या साली जड होतो म्हणून हे कोयता घरी ठेवून गेले. कावळनाळेच्या उभ्या घळीत पाठीवरच्या पिशवीचा पट्टा मुळीला अडकला. एका हातानं कड्याला धरून लोंबकळत राहिले… सोबत्यांनी पट्टा कापला, म्हणून मी आज कुंकू लावते.

आता पुन्हा तीच नाळ. पाच दिवस.

"उचलून तर बघा," म्हणत यांनी चाकू बाबांच्या हातात द्यायला धरला.

बाबांनी हात मागे घेतला. "खाली ठेव. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण लागतं."

"अजून तेच! जग कुठं गेलं बाबा… हे पोलाद बघा. मोराचं पीस आहे, पीस."

"पीस आहे खरं." बाबा माझ्याकडे वळले. "सूनबाई, पोर दे त्याच्याकडे."

मी रेऊला यांच्या डाव्या हातावर दिलं.

"आता उघड."

यांनी चाकू उचलला. अंगठ्यानं ढकलून पाहिलं, नख लावून पाहिलं. पातं हलेना.

"याला दोन हात लागतात हो."

"नाळेत किती होते, हिरामण?"

यांचा चेहरा लाल झाला. पातं दातात धरलं आणि ओढलं. खट्‌! रेऊच्या गालापासून चार बोटांवर.

"अहो!" मी किंचाळले. पोर रडायला लागली.

बाबांचा आवाज चढला नाही. "ठेव तो." मग सुरीकडे नुसतं बोट केलं.

यांनी म्यान कमरेला खोचलं, रेऊला छातीशी घट्ट धरलं आणि मूठ ओढली. पातं बाहेर आलं.

"पण ही दुप्पट जड आहे…" हे हळूच म्हणाले.

"हं."

मला राहवेना. "बाबा, ही यांनी नेली तर रेऊच्या उशाला काय ठेवू? आणि नाही नेली तर…"

बाबांनी तो चाकू उचलला, पातं मिटलं आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

"हा ठेव. पोरीला मिटलेलाच बरा."

यांनी पिशवी पाठीला लावली. पायरी उतरून पुन्हा वळले. "बाबा, वाटेत सोबतची पोरं मलाच विचारतात, हलकी सुरी कोणती घेऊ म्हणून. काय सांगू?"

बाबा रेऊच्या मुठीतून आपलं बोट सोडवत होते. सुटत नव्हतं.

"भेटेल त्याला सांग… आधी एक हात कुणाला तरी देऊन ये, मग विचार."